सत्तावीस ग्लोबल व्हेरिएबल आणि रात्री दहानंतरचे इन्व्हॉइस

आमच्या डेटाबेस इंजिनाच्या सोर्स कोडमध्ये लोकेलशी, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या संकेतांशी, संबंधित २७ ग्लोबल व्हेरिएबल (कोडच्या कोणत्याही भागातून वाचता-बदलता येणारी मूल्ये) होती आणि आता तीन आहेत. एवढ्याच कामाला १८ जून २०२४ पासून ४ जानेवारी २०२५ पर्यंतचा काळ लागला. काम हाती घेण्यापूर्वी मी मराठीत कोणी अशा अनुभवाविषयी लिहिले आहे काय, हे शोधले होते, परंतु काही सापडले नाही. पुढच्या व्यक्तीला निदान कोठे ठेच लागते हे ठाऊक असावे, यासाठी तारखा, खर्च आणि चुकांसह सर्व काही क्रमाने लिहून ठेवते.

आमचे कार्यालय नाशिकमध्ये सातपूरच्या बाजूला आहे आणि आम्ही नऊ जण आहोत. द्राक्ष निर्यात करणाऱ्या पॅकहाउससाठी आम्ही वजन, पॅलेट, साठा आणि इन्व्हॉइस यांची प्रणाली तयार करतो. तिच्या तळाशी असलेले छोटे डेटाबेस इंजिन आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सी भाषेत लिहिले. त्यांना सगळे काकाच म्हणतात, म्हणून येथेही मी त्यांचा तसाच उल्लेख करते. मुळात हे इंजिन एका वेळी एकच काम करत असे. २०११ मध्ये त्यात थ्रेड आले, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक कामे एकाच वेळी चालू लागली, पण लोकेलचा भाग मात्र जसा होता तसाच राहिला.

लोकेल म्हणजे भाषा आणि प्रदेश यांनुसार बदलणारे संकेत: अक्षरांचा क्रम, दशांशचिन्ह, महिन्यांची नावे, चलन, संदेशांची भाषा. सी भाषेत हे संकेत सेटलोकेल या फंक्शनने ठरवले जातात, आणि हे फंक्शन एकट्या थ्रेडसाठी काम करत नाही, ते संपूर्ण प्रोसेसचे, म्हणजे चालू असलेल्या अख्ख्या प्रोग्रॅमचे, संकेत बदलते. या एका वाक्याची किंमत आम्हाला १२ फेब्रुवारी २०२४ रोजी कळली.

त्या सोमवारी रात्री साडेआठच्या सुमारास पिंपळगाव बसवंत परिसरातील एका पॅकहाउसमधून दूरध्वनी आला. एका खेपेच्या पॅलेटचे प्रत्यक्ष वजन आणि संगणकातील बेरीज यांत सुमारे १६ किलोंचा फरक येत होता. आम्ही नोंदी उघडल्या, तेव्हा १,२४० पेट्यांपैकी १७ पेट्यांचे वजन नेमके ४ किलो दिसले, तर शेजारच्या पेट्या ४.९४, ४.९६, ४.९८ अशा होत्या. काटा बिघडला असता तर वजने वेडीवाकडी आली असती. सतरा वेळा अपूर्णांकच गळून पडतो, हे काट्याचे लक्षण नव्हते. त्या सतरा नोंदींच्या वेळा पाहिल्या, तर त्या चार-चार सेकंदांच्या झुबक्यांत होत्या आणि प्रत्येक झुबक्याच्या वेळी जर्मन खरेदीदारासाठीचे इन्व्हॉइस छापले जात होते.

जर्मन पद्धतीत एक हजार दोनशे चौतीस पूर्णांक पन्नास ही संख्या १.२३४,५० अशी लिहितात. दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब. इन्व्हॉइस छापणारा थ्रेड संख्यांचे लोकेल जर्मन करत असे, छपाई झाली की पूर्ववत करत असे. त्या चार सेकंदांत दुसऱ्या थ्रेडवर काट्याकडून आलेली "४.९६" ही अक्षरे संख्येत रूपांतरित होत होती. रूपांतर करणारे स्ट्रटॉड हे फंक्शन चालू लोकेलचे दशांशचिन्ह पाहते. त्याला स्वल्पविराम अपेक्षित होता, टिंब आल्यावर ते थांबले आणि त्याने ४ हे उत्तर दिले. कोणतीही त्रुटी नोंदवली गेली नाही, कारण तांत्रिकदृष्ट्या त्रुटी झालीच नव्हती.

हंगाम भरात असताना इंजिनाला हात लावणे शक्य नव्हते. सेटलोकेलभोवती लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप, लावावे, असा विचार प्रथम मनात आला; पण लॉक उपयोगी पडण्यासाठी लोकेल बदलणाऱ्यांबरोबरच ते वाचणाऱ्या प्रत्येक फंक्शनलाही ते घ्यावे लागते, आणि संख्या, तारीख किंवा अक्षरांना स्पर्श करणारे जवळपास प्रत्येक फंक्शन लोकेल वाचतच असते. शेवटी काकांनी तंत्रज्ञानाच्या पलीकडचा उपाय काढला. वजनकाटा रात्री दहाला बंद होतो, म्हणून परदेशी इन्व्हॉइस दहानंतरच काढायचे. पॅकहाउसच्या भिंतीवर तसा पुठ्ठा लागला आणि तो हंगाम त्या पुठ्ठ्यावर निघाला.

एप्रिलमध्ये हंगाम ओसरला, तेव्हा मी हे काम स्वतःहून मागून घेतले. येथून कागदपत्रांचा प्रवास सुरू झाला. आमचे सर्वांत मोठे ग्राहक एक सहकारी संस्था आहे आणि इंजिनाच्या गाभ्यात कोणताही बदल करायचा असल्यास त्यांच्या तांत्रिक समितीची लेखी मंजुरी घ्यावी, असे करारात लिहिलेले आहे. बदल-विनंतीचा अर्ज सहा पानांचा होता. त्यातील तिसऱ्या पानावर "वापरकर्त्यास मिळणारा नवीन लाभ" असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे "कोणताही नाही, अंतर्गत सुधारणा" असे लिहून २२ एप्रिल रोजी अर्ज दिला. लोकसभा निवडणुकीचे दिवस होते, समितीतील काही जण निवडणुकीच्या कामात होते, त्यामुळे पंचवीस दिवस कोणीच काही कळवले नाही. १७ मे रोजी अर्ज परत आला, त्या रकान्याभोवती लाल वर्तुळ होते आणि शेजारी "मग कशासाठी?" एवढेच दोन शब्द.

मला राग आला, हे मान्य करते. रागाच्या भरात मी थ्रेड-सुरक्षिततेवर अर्धे पान लिहिले. ते वाचून काका म्हणाले, "ताई, हे तुम्हाला कळलं, मला कळलं. त्यांना कळेल असं एक वाक्य आहे तुमच्याकडे. इन्व्हॉइस दिवसा काढता येईल, एवढंच लिहा." मतदान २० मे रोजी होते. ते आटोपल्यावर २३ मे रोजी मी त्या एका वाक्यासह अर्ज पुन्हा दिला आणि १८ जून रोजी मंजुरी आली. एकूण ५७ दिवस लागले. अशा कामासाठी अर्ज करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, "अंतर्गत सुधारणा" हा शब्दप्रयोग टाळावा; त्या दोषामुळे ग्राहकाच्या दिनक्रमात नेमकी कोणती अडचण आली होती, ते लिहावे.

प्रत्यक्ष कामाचे पहिले तीन आठवडे मी कोडची एकही ओळ बदलली नाही. एनएम ही आज्ञा कंपाइल केलेल्या फाइलमधील व्हेरिएबल आणि फंक्शन यांच्या नावांची यादी देते. तिच्यातून ग्लोबल व्हेरिएबल वेगळी काढली आणि लोकेलशी संबंध असलेली २७ एका वहीत लिहिली. वही म्हणजे खरोखरीची, रेघांची वही. प्रत्येक व्हेरिएबलला एक पान दिले आणि त्यावर तीनच प्रश्न लिहिले: याच्यात मूल्य कोण भरते, ते कोण वाचते, आणि इंजिन सुरू झाल्यानंतर ते कधी बदलते काय?

या प्रश्नांनी चित्र पालटले. नऊ व्हेरिएबलमध्ये मूल्य भरले जात होते, परंतु ती कोणीच वाचत नव्हते. कधी काळी वाचणारा कोड केव्हाच निघून गेला होता. सहा व्हेरिएबल सहा निरनिराळ्या फाइलींमध्ये एकाच प्रश्नाचे उत्तर साठवत होती: चालू लोकेल "सी" (कोणत्याही भाषेचे नसलेले मूळ लोकेल) आहे काय, म्हणजे अक्षरांची तुलना सरळ बाइटनुसार करून चालेल काय? आठ व्हेरिएबल म्हणजे महिन्यांची आणि वारांची नावे, चलनचिन्ह, दशांशचिन्ह यांच्या साठवलेल्या प्रती होत्या. उरलेल्या चारांत डेटाबेसचे लोकेल, मराठी क्रमाच्या तक्त्याचा पॉइंटर (म्हणजे मेमरीतील पत्ता), संदेशांची भाषा आणि "जुने लोकेल" जपून ठेवणारे एक व्हेरिएबल होते.

या शेवटच्या व्हेरिएबलमध्ये आणखी एक दोष दडलेला होता. सेटलोकेल जुन्या लोकेलचे नाव म्हणून जो पॉइंटर परत देते, त्यामागचा मजकूर पुढच्या सेटलोकेलने बदलू शकतो, असे सी भाषेचे मानक स्पष्ट सांगते. म्हणून त्याची प्रत करून ठेवावी लागते. आमच्या कोडने नुसता पॉइंटर ठेवला होता. शिवाय छपाईत त्रुटी आल्यास फंक्शन मधूनच परत फिरत असे आणि लोकेल पूर्ववत करण्याची ओळ तशीच राहून जात असे. प्रिंटरमधील कागद संपला असता, तर आमचे वजनयंत्र रात्रभर जर्मन बोलत राहिले असते. तसे कधी घडले नाही, याचे श्रेय पॅकहाउसमध्ये कागद भरणाऱ्या मुलाला द्यावे लागेल.

जुलैमध्ये मी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सोर्स कोडमधील पीजी_लोकेल.सी ही फाइल वाचली. प्रगल्भ डेटाबेसने हाच प्रश्न कसा सोडवला आहे, हे पाहावे म्हणून ती उघडली होती. फाइलीच्या सुरुवातीची लांब टिप्पणीच अर्धा धडा आहे. पोस्टग्रेसमध्ये अक्षरांचा क्रम आणि अक्षरांचे वर्गीकरण डेटाबेस तयार करतानाच ठरते आणि नंतर बदलता येत नाही, कारण इंडेक्स, म्हणजे नोंदी झटपट शोधण्याची सूची, त्या क्रमावर उभा असतो. संख्या, चलन आणि तारीख यांचे प्रोसेसमधील लोकेल मात्र कायम "सी" ठेवलेले असते. वापरकर्त्याने निवडलेले लोकेल गरजेपुरते पाहून त्यातील माहिती बाजूला साठवली जाते. तेथेही महिन्यांच्या आणि वारांच्या पूर्ण व संक्षिप्त नावांसाठी चार ग्लोबल ॲरे (याद्या) आहेत, हे पाहून थोडा धीर आला. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस असते, त्यामुळे एकाचे लोकेल दुसऱ्याला बाधत नाही. आमच्याकडे थ्रेड असल्याने ती सवलत नव्हती. त्या प्रकल्पातही २०२३ पासून थ्रेडकडे वळण्याविषयी गंभीर चर्चा सुरू आहे आणि अशा ग्लोबल अवस्था हा त्या वाटेवरचा एक अडथळा मानला जातो.

ती फाइल वाचून झाल्यावर वहीतल्या २७ पानांचे दोनच ढीग पडले. एका ढिगात डेटाबेसचा स्वभाव होता: अक्षरांचा क्रम, जो एकदा ठरला की मोडायचा नसतो. दुसऱ्यात प्रत्येक अहवालाची मागणी होती: आज जर्मन, उद्या मराठी. आमच्या कोडने या दोन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधल्या होत्या आणि ती दोरी कोणीही ओढू शकत होता. आणि काट्याकडून आलेले वजन तर या दोन्ही ढिगांत बसत नव्हते. यंत्राने यंत्राला पाठवलेल्या संख्येला भाषा नसते, तिला कायम "सी" लोकेलच हवे. हे मला आधी सुचायला हवे होते. इतका साधा विचार करायला वही लागली, याचे आजही आश्चर्य वाटते.

ऑगस्टमध्ये व्हेरिएबलची काढणी सुरू झाली. नियम एकच ठेवला: एका कमिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलाच्या एका नोंदीत, एकच व्हेरिएबल. आधी मात्र जुन्या इंजिनाकडून सुमारे चार लाख शेतकऱ्यांच्या नावांच्या क्रमवार याद्या, निरनिराळ्या लोकेलमधील संख्या आणि तारखा छापून घेऊन त्या फाइली बाजूला ठेवल्या, जेणेकरून प्रत्येक कमिटनंतर नवे आउटपुट बाइट-दर-बाइट पडताळता येईल. या तयारीला नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांत मी काहीच करत नाही, असे कार्यालयातील काहींना वाटत होते. न वाचली जाणारी नऊ व्हेरिएबल दोन दिवसांत निघाली. त्यानंतर काम मंदावले.

"सी आहे काय" असे विचारणारे सहा ध्वज, म्हणजे होय-नाही साठवणारी ती सहा व्हेरिएबल, एकत्र करताना मी आगाऊपणा केला. आता लोकेलचे स्ट्रक्चर (लोकेलची सर्व माहिती एकत्र बांधलेला गठ्ठा) सगळीकडे उपलब्ध होणार आहे, मग हा ध्वज ठेवायचा कशाला, असा विचार करून मी सहाही काढून टाकले आणि सर्व तुलना स्ट्रकॉल या लोकेलनुसार तुलना करणाऱ्या फंक्शनमार्फत नेल्या. पडताळणीत क्रम अचूक आला. परंतु साठ्याचा जो अहवाल ११ सेकंदांत येत असे, तो ४० सेकंद घेऊ लागला. बाइटनुसार तुलना आणि लोकेलनुसार तुलना यांच्या वेगात केवढे अंतर असते, हे पुस्तकात वाचलेले होते, ते आता घड्याळात दिसले. ध्वज परत आणावा लागला, पण तो ग्लोबल म्हणून आणला नाही. लोकेलच्या स्ट्रक्चरमध्येच "क्रम सी आहे" आणि "वर्गीकरण सी आहे" अशी दोन क्षेत्रे ठेवली, आणि ते स्ट्रक्चर तयार होतानाच ती भरली जातात. २०२४ च्या उत्तरार्धात पोस्टग्रेसच्या मुख्य शाखेतही हेच घडताना दिसले: ही माहिती विचारणारी वेगळी फंक्शन काढून ती लोकेलच्या स्ट्रक्चरमध्ये नेण्यात आली. ते पाहून मला परीक्षेत शेजाऱ्याचे उत्तर आपल्यासारखेच निघावे, तसा आनंद झाला.

गणपतीपूर्वी, म्हणजे ७ सप्टेंबरच्या आत, आठ साठवलेल्या प्रतींचा प्रश्न संपवायचा असे ठरवले होते. तो संपला २४ सप्टेंबरला. २००८ च्या पॉसिक्स या, युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या, मानकात न्यूलोकेल, यूजलोकेल आणि फ्रीलोकेल ही फंक्शन आली आहेत. न्यूलोकेल एक स्वतंत्र लोकेल-वस्तू बनवते आणि यूजलोकेल ती फक्त चालू थ्रेडपुरती लागू करते. सरळ यूजलोकेल वापरावे, असा मोह होतो. दोन कारणांनी मी तो आवरला. पॅकहाउसमधील काट्याला जोडलेले संगणक विंडोजवर चालतात आणि तेथे यूजलोकेल नाही. दुसरे असे की, थ्रेडपुरते का होईना, ते अदृश्य अवस्थेवरच चालते. फंक्शनकडे पाहून ते कोणत्या लोकेलमध्ये काम करत आहे, हे कळत नाही. म्हणून लोकेल-वस्तू आर्ग्युमेंट म्हणून, म्हणजे उघडपणे, प्रत्येक फंक्शनला द्यायची, असे ठरवले. १४० फंक्शनांच्या आर्ग्युमेंटच्या याद्या बदलल्या. हे काम अत्यंत कंटाळवाणे आहे, त्यात बुद्धी फारशी लागत नाही आणि तरीही लक्ष हटले की चूक होते. मी दिवसाला दहा फंक्शन एवढाच हिस्सा ठरवून घेतला होता. ज्या दिवशी पंधरा केली, त्या दिवशीच्या तीन चुका रिव्ह्यूमध्ये निघाल्या. एक तांत्रिक बाबही नोंदवून ठेवते: अक्षरांची तुलना आणि तारीख यांची लोकेल घेणारी रूपे पॉसिक्समध्ये आहेत, परंतु स्ट्रटॉडचे तसे रूप त्या मानकात नाही. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ सी लायब्ररीमध्ये ते विस्तार म्हणून मिळते आणि विंडोजवर वेगळ्या नावाने. त्यासाठी आम्ही एक पातळ आवरण, म्हणजे या दोन्हींना एकाच नावाने बोलावणारे छोटे फंक्शन, लिहिले.

याच टप्प्यावर इंजिन दोनदा कोसळले. अहवाल पूर्ण झाला की मी त्याची लोकेल-वस्तू फ्रीलोकेलने मोकळी करत होते, आणि तीच वस्तू दुसऱ्या एका थ्रेडच्या हातात असे. जीसीसी या कंपायलरच्या थ्रेड सॅनिटायझर या दोष शोधणाऱ्या साधनाने दोष अर्ध्या तासात दाखवला; त्यापूर्वी मी स्वतःच्या डोळ्यांनी तो दीड दिवस शोधत होते. हे साधन पहिल्या दिवसापासूनच चालू ठेवावे. उपाय साधा निघाला: एकदा बनवलेली लोकेल-वस्तू इंजिन बंद होईपर्यंत मोकळी करायचीच नाही. आमच्या ग्राहकांना मिळून पाच-सहा लोकेल लागतात, त्यांना मेमरी कितीशी लागणार? लॉकने संरक्षित असा एक छोटा तक्ता ठेवला, नावावरून वस्तू मिळते, नसेल तर बनते. हा तक्ता हेच आता उरलेल्या तीन ग्लोबलपैकी एक आहे. दुसरे म्हणजे डेटाबेसच्या लोकेलचा पॉइंटर, ज्यात डेटाबेस उघडताना एकदाच मूल्य भरले जाते. तिसरे संदेशांची भाषा. ती थ्रेडनुसार वेगळी करण्याची गरज आजवर कोणालाच पडलेली नाही, म्हणून तिला मी हात लावला नाही.

मराठी क्रमाच्या तक्त्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तो आमच्या इंजिनाचा जुना अभिमान आहे. युनिकोडमध्ये "ळ" चे स्थान "ल" नंतर आणि "व" च्या आधी आहे. त्यामुळे बाइटनुसार यादी लावली की "काळे" हे आडनाव "कावळे" च्या आधी येते. मराठी वर्णमालेत मात्र "ळ" हे "ह" नंतर येते, म्हणून कावळे आधी, मग काशीद, आणि काळे त्यानंतर. "क्षीरसागर" ची गत आणखी वेगळी आहे: बाइटनुसार ते "क" च्या घरात अडकून "खैरनार" च्या आधी येते, तर वर्णमालेप्रमाणे "क्ष" आणि "ज्ञ" अगदी शेवटी. काकांनी २००६ मध्ये यासाठी स्वतःचा तक्ता लिहिला होता. तो कधीच बदलत नव्हता, तरी त्याचा पॉइंटर मात्र बदलता येण्याजोगा ग्लोबल होता. तक्ता अचल म्हणून घोषित केला, पॉइंटर काढून टाकला आणि मराठीच्या लोकेल-वस्तूने त्याच्याकडे बोट दाखवले. सत्तावीसांपैकी एवढे एकच व्हेरिएबल काढताना मी काकांना आधी विचारले. ते म्हणाले, "काढा. तक्ता ठेवा म्हणजे झालं."

ऑक्टोबरमध्ये दोन दिवस पूर्णतः वाया गेले. चाचणीसाठी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरील उबुंटू १८.०४ ही लिनक्स आवृत्ती आमच्या सहकाऱ्याने २२.०४ वर नेली आणि दुसऱ्या दिवशी लॉट क्रमांकांचा क्रम जुळेना. पूर्वी "११" आधी आणि "१-१" नंतर येत होते, आता उलट झाले होते. मी माझ्या शेवटच्या बारा कमिट एकेक करून मागे घेतल्या, तरी फरक कायम राहिला. दोष माझ्या कोडमध्ये नव्हताच. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रकाशित झालेल्या जीलिबसी २.२८ मध्ये क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले आणि संयोगचिन्हाची वागणूकही बदलली; जुन्या उबुंटूवर २.२७ होती, नव्यावर २.३५. जुन्या क्रमाने बांधलेला इंडेक्स नव्या क्रमाने शोधला, तर असलेली नोंद सापडत नाही, आणि पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनीही या बदलानंतर इंडेक्स पुन्हा बांधण्याचा खटाटोप केलेला आहे. लोकेलवर काम चालू असताना ऑपरेटिंग सिस्टिम बदलू नये, आणि बदलायचीच असेल तर त्या दिवशी दुसरे काही करू नये. यानंतर आम्ही डेटाबेसच्या फाइलीत जीलिबसीची आवृत्ती नोंदवू लागलो. ती जुळली नाही, तर इंजिन सुरू होताना इंडेक्स पुन्हा बांधण्याची सूचना देते.

दिवाळीपूर्वी कोड पूर्ण झाला. १,९०० ओळी गेल्या होत्या आणि १,१४० आल्या होत्या. करारानुसार बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून सुरक्षा तपासणी करून घ्यायची होती. त्यांचे शुल्क बदललेल्या ओळींवर ठरते आणि हटवलेली ओळ हीसुद्धा बदललेलीच ओळ धरली जाते, हे दरपत्रक हाती आल्यावर कळले. ३८,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी मिळून ४४,८४० रुपये झाले. आम्ही थोडा वाद घातला, उपयोग झाला नाही. दरपत्रक कामाच्या सुरुवातीलाच मागवून ठेवावे. मध्ये दिवाळी आली, मग २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले आणि अहवाल २८ नोव्हेंबरला मिळाला. त्यात दोन किरकोळ शेरे होते. चाचणी सर्व्हरचे भाडे महिना २,९०० प्रमाणे सात महिन्यांचे २०,३०० रुपये झाले. माझे सुमारे ३१० तास यात धरलेले नाहीत.

९ डिसेंबरपासून दोन आठवडे पिंपळगावला ग्राहकाच्या चाचण्या झाल्या. त्यांसाठी मी पॅकहाउसला सहा वेळा गेले. हंगाम सुरू झालेला नसल्याने द्राक्षे नव्हती. विटांचे तुकडे भरलेल्या पेट्या काट्यावर ठेवून आम्ही वजने घेतली आणि त्याच वेळी जर्मन, डच आणि मराठी इन्व्हॉइस एकामागून एक काढत राहिलो. पाच हजार वजनांत एकही अपूर्णांक गळला नाही. स्वीकृतीच्या कागदावर तीन सह्या लागतात. दोन त्याच दिवशी झाल्या आणि तिसरीसाठी अकरा दिवस थांबावे लागले, कारण संबंधित अधिकारी रजेवर होते. सह्या करणाऱ्यांच्या रजा आधी विचारून घ्याव्यात, ही सूचना क्षुल्लक वाटते, परंतु संपूर्ण कामात मला सर्वाधिक अस्वस्थ याच अकरा दिवसांनी केले. हंगाम दाराशी आला होता. ४ जानेवारी २०२५ रोजी, शनिवारी सकाळी, नवे इंजिन बसले.

मंगळवारी, २१ जानेवारीला, पहिली मोठी निर्यात-खेप होती, म्हणून मी पॅकहाउसला गेले. काट्यावर पेट्या भराभर सरकत होत्या. कार्यालयाच्या भिंतीवर पाहते, तर मागच्या वर्षीचा पुठ्ठा तसाच: "परदेशी इन्व्हॉइस रात्री दहानंतरच". पर्यवेक्षकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, आम्ही अजून रात्रीच काढतो. बदललं का ते?" ज्या एका वाक्यावर समितीने मंजुरी दिली होती, ते वाक्य समितीच्या फाइलीतच राहिले होते. पॅकहाउसला कळवणे हे कोणाच्याच कामात लिहिलेले नव्हते, माझ्याही नाही.

मी त्यांना तेव्हाच, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, जर्मन इन्व्हॉइस काढायला सांगितले आणि स्वतः काट्याच्या पडद्यासमोर उभी राहिले. प्रिंटर सुरू झाला. पडद्यावर ४.९६ आले, मग ४.९८, मग ४.९५. इन्व्हॉइस हाती आले, त्यावरचे स्वल्पविराम जागच्या जागी होते. पुठ्ठा काढून टाकू या, असे मी सुचवले.

"राहू द्या, मॅडम," ते म्हणाले, "दिवसा प्रिंटर लेबलांना लागतो. रात्री मोकळा असतो."